ठकूच्या डोहावर ढील देत नाहीत

तुमच्या काठ्या आधी खाली ठेवा, मग सांगते. आणि त्या काठीला जे चाक आहे ना, मासा जोरात ओढायला लागला की किरकिर करत आपोआप दोरा सोडणारं, ते घट्ट आवळून ठेवा. वरच्या बंधाऱ्यावर काय करायचं ते करा, खालच्या पुलाखाली करा. या डोहावर ढील देत नाहीत. खडस दोरा तोडून गेला तर जाऊ द्या. तुम्ही लोक ज्याला महाशीर म्हणता तो आमचा खडस. तो इथे कवेत मावणार नाही एवढा मोठा आहे, आणि या डोहातून तेवढा मोठा खडस आजवर कोणी काढलेला नाही. का काढलेला नाही, ते या दगडावर बसून ऐका. घाई असेल तर रस्ता आला तसाच परत जातो.

हा डोह तुम्हाला दिसतो तेवढा साधा नाही. वरून पाणी कसं निवळशंख आहे. नवरात्र उठलं की आमची नदी अशीच होते, पावसाळ्याचा गढूळपणा खाली बसतो आणि डोंगरातल्या ओढ्यांतून सगळा मासा खाली या डोहात उतरतो. मरळ, वाम, शिंगाडा, आणि खडस तर थव्याने. पण त्या समोरच्या काळ्या कातळाखाली मोठी कपार आहे. तिथे पाणी आतल्या आत ओढतं. म्हणून इथे जाळं टाकत नाहीत, फाटून जातं. इथे पूर्वीपासून गळच. घायपाताच्या वाखाची पिळलेली दोरी, टोकाला लोखंडी गळ, गळाला पिकलेलं उंबर. खडसाला उंबर फार आवडतं. हे उंबराचं झाड त्यासाठीच राखलेलं आहे.

आता ढील म्हणजे काय, ते तुम्हाला ठाऊक आहेच, तरी सांगते, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच आहे. मोठा मासा लागला आणि तुम्ही दोरी धरून ठेवली, तर तो ती तोडतो. म्हणून त्याने ओढलं की आपण सोडायचं. त्याला पळू द्यायचं, दमू द्यायचं, मग सावकाश काठाला आणायचं. आम्हा भोयांच्या पोरांना हे चालायला लागण्याआधी कळतं म्हणा ना. हाताला ओढ लागली की हात आपण होऊन सैल पडतो. डोक्याला विचारायला थांबत नाही.

ठकूचा हात तसा होता, असं सांगतात. ती या वाडीची सून. माहेर नदीच्या खालच्या अंगाला. आमच्यात बायका मासे विकतात, गळ टाकत नाहीत. पण ठकूच्या बापाला बरीच वर्षं मुलगा नव्हता, म्हणून त्याने लेकीलाच काठावर बसवलं आणि सगळं शिकवलं. पुढे म्हाळू झाला. तोवर ठकू अशी तयार झाली होती, की दोरी बोटावर घेतली की खाली कोणता मासा उंबराला तोंड लावतोय ते सांगायची. बापाने मरताना म्हणे घर म्हाळूला दिलं आणि आपला गळ ठकूला दिला. लोहाराकडून मुद्दाम घडवून घेतलेला, करंगळीएवढा. लग्नानंतरही तो तिच्याचकडे राहिला. सासरा गोंदाजी जुन्या वळणाचा, पण तिचा हात बघितल्यावर त्यानेही तोंड बंद ठेवलं.

दरवर्षी भाऊबीजेला म्हाळू यायचा. आमच्यात भाऊबीजेच्या ताटात खडसाचं कालवण लागतंच, त्याशिवाय भावाला ओवाळलं असं आम्ही मानत नाही. त्या वर्षी म्हाळू सकाळीच आला. ठकू काठावरच होती, तोही तिच्यापाशी येऊन बसला. दोघं बहीणभावंडं बापाच्या गोष्टी काढून हसत होती. थोडं पलीकडे गोंदाजी आणि वाडीतली इतर माणसं आपापले गळ टाकून बसली होती. आणि ठकूचा गळ अडकला. खाली, त्या कातळाच्या कपारीत.

म्हाळू म्हणाला, "आक्का, तोड दोरी. दुसरा गळ लाव."

ठकू म्हणाली, "बाबाचा गळ हाय, म्हाळू. तेवढाच हाय माझ्यापाशी त्यांचा."

झालं. एवढंच बोलली ती. भावाला तेवढं पुरलं. त्याने धोतर काढून ठेवलं, लंगोटावर उभा राहिला. जाता जाता म्हणाला, "गळ सुटला की दोरीला वढ देतो. मग वर घे मला. त्या कपारीतनं नुसतं पवून येता येत न्हाई."

आणि दोरी धरून तो खाली गेला.

खाली काय झालं ते कोणी पाहिलेलं नाही. सांगणारे सांगतात, की गळ सुटला तो थेट त्याच्या करदोट्यात अडकला, आणि पाण्याने त्याला कपारीखाली घेतलं. वर यायला त्याला त्या दोरीचाच आधार होता. त्याने ओढ दिली. पण ती ठरलेली ओढ नव्हती. जीव जाणाऱ्या माणसाची ओढ ती. एकदम जोराची, मग हिसके, मग पुन्हा लांब.

ठकूच्या हाताला ती ओळखीची वाटली. गळ सुटला आणि सुटल्या सुटल्या मोठा खडस लागला, असं तिला वाटलं. म्हाळू काय, बदकासारखा पोहणारा, निघेल कुठूनतरी वर. तिच्या हाताने ढील दिली. खालून ओढ आली, तिने सोडलं. पुन्हा ओढ आली, पुन्हा सोडलं. आणि म्हणे ती आनंदाने उठून उभी राहिली आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल अशी ओरडली, "लागला! लागला! मोठा लागलाय!"

माणसं धावत आली. म्हाळू पाण्यात उतरलाय हे त्यांना ठाऊकच नव्हतं. गोंदाजीने शाबासकी दिली. कोणी म्हणालं, घाई करू नकोस, दमू दे त्याला. ठकूने घाई केली नाही. मासा दमला. दोरी शांत झाली. तेव्हा तिने ती सावकाश, शिकवलेली तशी, हातावर गोळा करत आणली. टोकाला बापाचा गळ होता. गळाला म्हाळूचा काळा करदोटा होता.

मला ही गोष्ट माझ्या सासूने सांगितली, तिला तिच्या सासूने. या ठिकाणी दोघीही डोहाला हात जोडायच्या. मीही जोडते.

म्हाळू सापडला नाही. चांगले पाणबुडे उतरले, कपारीपर्यंत जाऊन आले, खालच्या गावापर्यंत नदी धुंडाळली. ठकू रडली नाही म्हणतात. तिचा उजवा हात, दोरी धरलेला, गार पडला होता. चुलीपुढे धरला तरी ऊब धरेना.

पुढे डोहावर विपरीत सुरू झालं. दिवाळी सरल्यावर गोंदाजी गळ टाकून बसला. ओढ लागली. मोठी. त्याने सवयीप्रमाणे ढील दिली. ओढ थांबली, दोरी मोकळी आली, गळाला उंबर जसंच्या तसं. आणि घरी आला तो हात काखेत धरून. त्याचाही हात गार. मग दुसऱ्याला तेच, तिसऱ्याला तेच. जो ढील देई त्याचा हात गार पडे, आणि त्या हातातली जाणीव जाई. गळ टाकणाऱ्याच्या हाताला जाणीवच नसेल तर त्याने करायचं काय? मासा लागला कधी आणि गेला कधी, कळत नव्हतं. भगताने कोंबडं मागितलं, दिलं. नारळ मागितले, दिले. भगताचं भागलं, डोहाचं काही भागलं नाही. शेवटी वाडीने इकडे यायचंच सोडलं. डोहात मासा खच्चून भरलेला, आणि भोयांच्या घरात भाकरीबरोबर मीठ.

ठकूला कोणी काही म्हणालं नाही. सगळे तिच्यासमोर डोहाचा विषय टाळत. पण एकदा गोंदाजी ओसरीवर कोणाशी तरी बोलत होता ते तिने आतून ऐकलं. तो म्हणत होता, "माशाची वढ न्हाई ती. मासा पळाय बघतो. ह्यो वर याय बघतोय."

ठकू बाहेर आली. सासऱ्यासमोर कधी उभी न राहणारी बाई, पण त्या दिवशी पदर सावरायचंही भान तिला नव्हतं. म्हणाली, "मामंजी, मग तुम्ही काय केलं?"

गोंदाजी म्हणाला, "काय करनार? ढील दिली."

तेव्हा तिला कळलं, आणि तिच्या तोंडून ऐकून वाडीला कळलं. म्हाळू खाली अजून दोरी शोधत होता. जी दोरी पाण्यात येई ती तो धरी, वर यायला बघे, आणि वरचा हात त्याला पुन्हा खाली सोडी. तिने त्याला एकदा बुडवलं होतं. वाडी त्याला रोज बुडवत होती.

पुढच्या भाऊबीजेला ठकू डोहावर आली. इथे, या उंबराखाली, तिने पाट मांडला, ताट वाढलं, निरांजन लावलं. नवी दोरी स्वतः वळलेली होती. गळ तिने लावला नाही. चाराही नाही. गळ पुन्हा म्हाळूला अडकायला नको, एवढंच बोलली. नुसती दोरी पाण्यात सोडली आणि टोक मनगटाला गुंडाळून बसली. सगळी वाडी मागे उभी होती.

ऊन कलल्यावर ओढ आली. नुसत्या दोरीला. ठकूचा हात सवयीने सैल पडायला गेला, तेव्हा तिने तो दुसऱ्या हाताने पकडला, असं पाहणाऱ्यांनी सांगितलं. आणि ती ओढायला लागली. दोरी तळव्यात रुतली, रक्त निघालं. पाय पाण्यात गेले. गोंदाजी मदतीला पुढे झाला, तर ओरडली, "हात लावू नगा! तुमचा हात सोडील!" खालचं ओझं हळूहळू वर येत होतं. ती नाव घेत होती, "म्हाळू, ये. ये बाबा. धरलंय मी." पाणी त्या कातळापासून इथवर हललं. काही म्हणतात, पाण्याखाली हाताची बोटं दिसली. काही म्हणतात, नुसता शेवाळाचा पुंजका होता. मी कोणाचीच बाजू घेत नाही. एक गोष्ट मात्र सगळे सारखीच सांगतात. तो काठापासून हाताच्या अंतरावर आला आणि दोरी तुटली.

ठकू तिथेच बसली. बायका तिला उठवायला गेल्या, तर तिने तळवे पुढे केले. रक्ताने माखलेले, आणि गरम. वर्षभरात पहिल्यांदा गरम. गोंदाजीने आपला हात गालाला लावून बघितला, तोही गरम. आणि ठकू सगळ्यांकडे बघून म्हणाली, "दोरी तुटली. म्या सोडली न्हाई."

तेव्हापासून हा नेम आहे. या डोहावर गळ टाका, मासे धरा, पोट भरा. पण ओढ आली तर धरून ठेवायची. खडस असेल तर दोरी तोडून जाईल, जाऊ दे. आपल्याला काय माहीत खाली कोण आहे. तुमच्यासारखेच पुण्याचे एक साहेब आले होते मागे. हसले. त्यांचं ते चाक किरकिरलं, चांगला बराच दोरा सोडला त्याने. साहेब खूश. मागच्या उन्हाळ्यात त्यांचा ड्रायव्हर इकडून जात होता, तो सांगत होता, साहेब भर उन्हात उजव्या हातात लोकरीचा मोजा घालतात. खरं-खोटं त्याला माहीत.

आजही भाऊबीजेला वाडीतली एक बाई इथे बसते. कोण बसायचं तेही ठरलेलं आहे. जिचा भाऊ आता येणार नाही, ती. सध्या मी बसते. माझा धाकटा भाऊ म्हातारा होऊन गेला, घरात, अंथरुणावर, सगळ्यांच्या देखत. माझ्या वाटणीला तसं दुःखाचं काही फार नाही. पण भाऊबीजेला ताट रिकामं राहिलं की कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच कळतं, आणि मला इथे बसलं की बरं वाटतं. दोरीला गळ नसतो. चारा नसतो. मासा लागायचं कारणच नाही. ऊन कलतं, आणि ओढ येते. दरवर्षी येते. मी धरून ठेवते, नाव घेते, ठकूने घेतलं तसंच. काठाजवळ येतं, आणि दोरी तुटते.

म्हणून पितृपक्षातच आम्ही बायका पुढच्या दोरीचा वाख काढायला घेतो. मागच्या वर्षीपेक्षा तिला एक पदर जास्त घालतो. ठकूची दोरी करंगळीएवढी होती म्हणे. ही बघा यंदाची, माझ्या मनगटाएवढी झाली आहे. एखाद्या वर्षी ती तुटणार नाही. तेव्हा काठावर कोण चढून येईल, आणि कसा दिसेल, हे वाडीत कोणी बोलून दाखवत नाही. पाट मात्र आम्ही मांडतो, ताट पूर्ण वाढतो, आणि एक कोरडं धोतर घडी करून शेजारी ठेवतो.