गुडघ्याची दोरी

बाहुल्या आपल्या मालकाशी बोलत असत, त्या काळातली ही गोष्ट. धाकू नावाच्या कळसूत्री खेळवाल्याने शिवणीच्या लाकडातून एक वीर घडवला. त्याचं नाव शूरसेन. त्याच्या दोन हातांना, मानेला आणि गुडघ्यांना दोऱ्या होत्या. खेळात लढून आला की तो आईच्या बाहुलीच्या पायाशी बसे आणि तिच्या मांडीवर डोकं टेकवी. तेव्हा बायका डोळ्यांना पदर लावत.

पोरं मात्र लढाईलाच टाळ्या पिटायची. धाकू हुरळून गेला. त्याने शूरसेनला आणखी हात जोडले, हातांत तलवारी आणि चक्र दिलं, पाठीला पंख बसवले. पण धाकूची बोटं काही वाढली नाहीत. म्हणून मानेची दोरी त्याने पंखांना बांधली आणि गुडघ्यांची चक्राला.

"धाकूबाबा, मग मी बसणार कसा?" शूरसेनने विचारलं.

"वीर कधी बसतो का रे?" धाकू हसला.

पुढे एका जत्रेत शूरसेनच्या आईच्या मरणाचा प्रसंग होता. आईची बाहुली आडवी झाली. तिच्या शेजारी शूरसेन पंख पसरून ताठ उभा राहिला.

"बाबा, मला तिच्याजवळ बसवा ना," तो पुटपुटला.

धाकूने एकेक दोरी ओढून पाहिली. चक्र गरगरलं, पंख फडफडले, सगळ्या तलवारी वर उठल्या. गुडघा तेवढा वाकला नाही. 'वीर कधी बसतो का रे?' म्हणतानाचं आपलं जुनं हसू धाकूला आठवलं.

समोर बसलेल्या एका मुलीने आईला हळूच विचारलं, "या म्हातारीचं कुणीच नाही का गं?"