मैनेने वाखाणलेली एकतारी

फार मागे, रानातली पाखरं-जनावरं वाद्यं घडवत, तेव्हा एक सुतार पक्षी एकताऱ्या करायचा. कुणाचं वाद्य चांगलं, हे मैना रोज सकाळी पाणवठ्यावर सांगायची आणि सगळं रान तिचं ऐकायचं. ती नेहमी साळिंदराच्या एकतारीला वाखाणी. साळिंदराच्या दारातली गर्दी बघून सुताराचा जळफळाट होई. त्याला घास गोड लागेना.

एकदा साळिंदर मैनेला पिकली उंबरं देताना त्याला दिसलं. दुसऱ्याच दिवशी त्यानेही द्रोणभर करवंदं तिच्यापुढे ठेवली.

सकाळी मैना म्हणाली, "सुताराची नवी एकतारी ऐकली. काय गोड वाजते! साळिंदराची तिच्यापुढे काहीच नाही."

सुतार फुलून घरी आला, तर दारात ससा उभा. "मैनाताई म्हणाल्या ती एकतारी द्या."

सुतार ओशाळला. "अरे, तिला अजून तार चढवायची आहे."

"असं कसं? त्यांनी तर ऐकली!"

साळिंदराची एकतारी आपणही कधी ऐकली नाही, नुसतेच जळत राहिलो, हे सुताराच्या ध्यानात आलं.

"चल," तो सशाला म्हणाला, "आधी साळिंदराची वाजवून बघू."