नसलेली पायरी

एकदा एका मुलीने एकाच प्रश्नाची दोन उत्तरे लिहिली, एकमेकांच्या अगदी उलट, आणि तिची दोन्ही उत्तरे चुकली. आता याला काय म्हणावे! पण घडले खरे तसे.

तिचे नाव मैथिली. कोकणातल्या एका लहानशा गावात तिच्या वडिलांची, अण्णांची, पिठाची गिरणी होती. तिला शहरात जाऊन पुढे शिकायचे होते आणि त्यासाठी एक प्रवेशपरीक्षा द्यायची होती. गणिताला ती भीत नव्हती, भाषेची तर तिला गोडीच होती. गाडी अडायची ती शेवटच्या निबंधाशी. त्यात कुणाचा तरी एक युक्तिवाद छापलेला असतो आणि त्याचे परीक्षण करायचे असते.

गावातले एक वृद्ध गुरुजी तिची तयारी करून घेत. त्यांनी सरावासाठी विषय दिला : एका शहरात बाजारपेठेत नवे दिवे लावले, त्या वर्षी चोऱ्या कमी झाल्या, म्हणून आता शहरभर तसे दिवे लावावेत. मैथिलीने प्रकाशाच्या महतीवर दोन पाने भरली. गुरुजी म्हणाले, "पुन्हा लिही." मग तिने दिव्यांना आणि विजेच्या उधळपट्टीला यथेच्छ झोडपले. गुरुजी पुन्हा म्हणाले, "पुन्हा लिही."

"मग मी लिहू तरी कुठल्या बाजूनं?" पोरीचे डोळे भरून आले. "आणि लिहून तरी काय उपयोग? अण्णा म्हणतात, पास झालीस तरी पाठवणार नाही. शेजारची सुलू गेली होती ना पुण्याला शिकायला, ती आजारी पडून परत आली. झालं! सुलू आजारी पडली म्हणून मी घरी बसायचं. रोज भांडते मी त्यांच्याशी. ते ऐकतच नाहीत."

 चष्मा पुसत गुरुजी एवढेच बोलले, "परसात फणसाला शिडी लावलीय. तिच्यावरून त्या वरच्या फणसापर्यंत जाता येईल का, जरा पाहून ये."

मैथिलीला नवल वाटले. तरी ती गेली आणि लगेच परतली. फणसाच्या गावात वाढलेली मुलगी ती, तिची नजर आधी कुठे जाणार! "गुरुजी, फणस अजून कोवळा आहे. चढायचं कारणच नाही."

"मी फणसाचं कुठे विचारलं?"

ती पुन्हा गेली. या वेळी जरा रागानेच परत आली. "शिडी जुनाट झालीय. मोडून चुलीत घाला."

"वा गं वा! मी हातानं बांधलेली शिडी, आणि तू चुलीत घालायला निघालीस?" गुरुजी हसले आणि काठी टेकत तिच्याबरोबर परसात आले. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी धरली. "आता चढ. मी आहे खाली."

पहिली पायरी पक्की होती. दुसरीही. तिसरीचे सुंभ सैल झाले होते, पण तिने तोल सावरला. चौथीवर ठेवायला उचललेला पाय मात्र अधांतरीच राहिला. तिथे पायरीच नव्हती! पहिल्या खेपेला फणसाकडे पाहण्याच्या नादात आणि दुसऱ्या खेपेला रागाच्या भरात तिला ते दिसले नव्हते. गुरुजींनी शिडी घट्ट धरली होती, म्हणून ती नुसती दचकली.

खाली उतरल्यावर गुरुजी म्हणाले, "बाळ, लिहिणारा शेवटी जे म्हणतो, ते त्या फणसासारखं. तो गोड की कच्चा, हे तुला कुणी विचारलेलंच नाही. तिथवर जाणारी शिडी तेवढी तपासायची. दिवे लागले, ही एक पायरी. चोऱ्या कमी झाल्या, ही दुसरी. दोन्ही भक्कम असतील. पण दिव्यांमुळेच कमी झाल्या, ही पायरी कुठाय? त्याच वर्षी पोलिसांची गस्त वाढली असेल. चोर दुसऱ्या पेठेत गेले असतील. लिहिणारा ती पायरी मनात धरूनच चालतो, म्हणून ती कागदावर येत नाही. ती शोध. आणि सापडली की त्याला हसू नकोस. ती कशानं बसेल, ते सांग. शिडी बांधणाऱ्यालाही वर जायचंच असतं ना गं?"

मैथिली बराच वेळ त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली. तिच्या मनात आता दिवे नव्हते, अण्णांचे बोलणे होते.

घरी आली तेव्हा अण्णा गिरणी बंद करून अंगावरचे पीठ झटकत होते. ती भांडणार म्हणून ते तयारीतच होते. पण तिने शांतपणे विचारले, "अण्णा, सुलू आजारी पडली तेव्हा तिच्याजवळ कोण होतं?"

अण्णांचा हात थांबला. "कुणी नव्हतं," ते म्हणाले. "तिला आणायला मीच गेलो होतो तिच्या बापाबरोबर. पोर तापानं फणफणली होती आणि उशाशी पाण्याचा तांब्यासुद्धा भरलेला नव्हता. तुला सांगितलं नाही कधी." त्यांनी पुन्हा पीठ झटकायला घेतले. "तुझी अशी दशा झालेली मला बघवणार नाही गं."

इतके दिवस आपण अण्णांच्या नकाराशीच भांडत होतो, त्यामागची भीती पाहिलीच नव्हती, हे मैथिलीला त्या क्षणी कळले. तिने वडिलांचा पिठाने माखलेला हात हातात घेतला. "आणि माझ्याजवळ कुणी असलं तर? आपल्या खालच्या आळीतली कुमुद पुण्यातच नोकरीला आहे. मी तिच्या खोलीत राहिले तर?"

 अण्णा म्हणाले, "तसं असेल तर मी कशाला नको म्हणू?"

परीक्षेत विषय वेगळाच आला. मैथिलीने लिहिणाऱ्याची बाजू घेतली नाही की त्याला झोडपलेही नाही. तो काय धरून चालला आहे, ते आधी शोधले आणि कशाने त्याचे म्हणणे उभे राहील, ते मायेने लिहिले. ती उत्तीर्ण झाली.

निघायच्या दिवशी अण्णांनी तिची बॅग एसटीत चढवली, खिडकीखाली येऊन उभे राहिले आणि कुमुदचा फोन नंबर पुन्हा एकदा विचारला. तो त्यांना केव्हाच पाठ झाला होता. एरवी मैथिली वैतागली असती. आज तिने एकेक आकडा सावकाश सांगितला, आणि एसटी सुटेपर्यंत त्यांच्याकडून म्हणवून घेतला.