तांबटआळीतून सरळ रस्ता

“आठ दिवसांत तांबटआळी रिकामी करा! महाराजांचा रस्ता इथून जाणार आहे!”

धवलनगरीच्या तांबटआळीत दवंडी पिटली गेली आणि सगळ्यांचे हातोडे जागच्या जागी थांबले.

भूपाळराजांनी तळ्याकाठी नवी बाग केली होती. राजवाड्यातून बागेत जायला एक जुना बोळ होता, पण तो तांबटआळीला वळसा घालून जायचा. राजांना वळसा मुळीच खपत नसे. दिवाणजींनी सल्ला दिला, “महाराज, आळीच मधून कापू. रस्ता कसा बाणासारखा जाईल!” झालं! मोजणीदारांनी घरांच्या कौलांवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत एक दोरी ताणली. जी घरं दोरीखाली, ती पाडायची.

दोरी बघायला राजे स्वतः आले. म्हातारे तांबट हात जोडून उभे राहिले. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. तेवढ्यात भिवा तांबटाची मुलगी हौसा पुढे आली. ती बापाच्या बरोबरीनं घागरी घडवायची आणि बोलण्यातही कुणाला हार जायची नाही.

“महाराज, आमची घरं का पाडता?”

“कारण ती माझ्या रस्त्याच्या आड येतात!”

“घरं कुठं आली, महाराज? ती आहेत तिथंच आहेत. आला तो रस्ता!”

दिवाणजी ओरडले, “ए पोरी, तोंड सांभाळ!” पण राजांनी त्यांना हातानं थांबवलं.

“जीभ बरी चालते तुझी. मग असं कर. सरळ वाटेनं निघालेल्या माणसाच्या आधी वाकड्या वाटेचा माणूस पोहोचतो, एवढं मला दाखव. दाखवलंस तर आळी वाचली!”

लोकांनी कपाळावर हात मारला. हे कसं दाखवायचं? पण हौसा म्हणाली, “आत्ता दाखवते! महाराज, आपण या दोरीखालून बागेत जायचं. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. आणि दिवाणजी जातील जुन्या बोळानं.”

राजे हसले. दिवाणजींचं पोट एवढं मोठं, की त्यांना स्वतःची पावलं दिसत नसत.

“मी? चालत?” दिवाणजी किंचाळले.

“चालतच!” राजे म्हणाले. “निघा!”

दिवाणजी कण्हत बोळात शिरले, त्यांच्यामागे हौसा. राजे ऐटीत दोरीखालून निघाले. दोरी थेट भिवा तांबटाच्या दारावरून जात होती.

“महाराज, जोडे!” भिवाची बायको म्हणाली. “आत देव आहेत.”

राजांनी जोडे काढून हातात घेतले. आत पाट मांडलेला होता, शेजारी गूळपाणी. “राजा दारी आला आणि पाणीही न घेता गेला, तर लोक आम्हाला काय म्हणतील?” राजे बसले, पाणी प्याले, मागच्या दारी जोडे चढवून निघाले. पुढच्याच दारात ते पुन्हा काढावे लागले.

दुसऱ्या घरात दोरीच्या बरोबर खाली पाळणा टांगलेला होता.

“शूऽऽ!” बाळाची आई कुजबुजली. “आत्ताच डोळा लागलाय. पाळणा थांबला की रडेल.”

“मग मी जाऊ कसा?”

“गाढ झोपेपर्यंत थांबा. तोवर जरा झोका द्या, माझं दूध उतू जातंय!” आणि ती चुलीकडे पळाली. धवलनगरीचे भूपाळराजे पाळण्याची दोरी ओढत उभे राहिले. खिडकीतून पाहणारी पोरं ही बातमी सांगायला बागेकडे पळाली.

तिसऱ्या घरी जावई आला होता. पंगत नेमकी दोरीखाली बसली होती. राजांना पाहताच आणखी एक पान वाढलं गेलं.

“नको, नको! मी घाईत आहे!”

“एकच पोळी, महाराज!”

एका पोळीच्या चार झाल्या. वर तुपाची धार. राजांना उठवेना.

चौथ्या घरात गणोजी आजोबा बसले होते. त्यांना ऐकू कमी यायचं आणि दिसायचं त्याहून कमी. नातीला पाहायला मुलाकडची माणसं येणार म्हणून ते सकाळपासून वाट बघत होते. दारात दागिने घातलेला माणूस दिसताच ते खूश झाले.

“या, या! मुलगा जरा थोराड दिसतो, पण चालेल! नाव काय? शेती किती?”

“आजोबा, मी राजा आहे!”

“रजा? रजा कसली घेता! आलात कशाला मग? बसा!”

राजे कसेबसे सुटून बागेच्या फाटकाशी आले, तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकाशी आंब्याखाली दिवाणजी घोरत पडले होते. हौसा त्यांना वारा घालत होती.

“केव्हा आले हे?” राजांनी घाम पुसत विचारलं.

“आपण झोका देत होता ना, तेव्हा!”

राजांनी कंबरेवर हात ठेवले. “हरलो, कबूल आहे. पण तुझी लबाडीही कळली मला! घरं पाडल्यावर मला पाटावर कोण बसवणार होतं गं? तेव्हा सरळ रस्ताच लवकर पोहोचला असता!”

आळीतले लोक राजांच्या मागोमाग फाटकाशी जमले होते. भिवानं मुलीकडे पाहिलं.

“खरं आहे, महाराज,” हौसा शांतपणे म्हणाली. “पण आमची जागा घेतलीत, तर बदली जागा द्याल ना?”

“अर्थात! मी राजा आहे, चोर नाही.”

“मग नगरात एवढी मोकळी जागा एकच आहे. आपल्या शयनघराच्या खिडकीखालची हिरवळ. आमची सगळी आळी तिथं येईल. आणि आम्ही तांबट, महाराज! कोंबडा आरवायच्या आधी सगळे मिळून घागरी ठोकायला बसतो!”

राजांनी डोळे मिटले. कानांवर हात ठेवले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतक्या मोठ्यानं हसले, की दिवाणजी दचकून उठून बसले.

“दोरी काढा!” राजे ओरडले. “दिवाणजी, रस्ता बोळानंच जाईल. बोळ तेवढा रुंद करून घ्या. आणि राजवाड्याची सगळी भांडी यापुढे भिवा तांबटाकडून!”

त्यांनी खांद्यावरची जरीची शाल काढून हौसाच्या अंगावर घातली. त्यानंतर धवलनगरीत नवा रस्ता काढायचा झाला, की मोजणीदारांच्या आधी हौसाकडे राजवाड्याची पालखी यायची.