उतारावरचा काटेपाठ

त्या प्रदेशात पाणी एकच होते आणि त्यावर मगरांचा अंमल होता. कळपांनी केव्हा प्यावे आणि किती प्यावे, हे मगर ठरवीत.

पुढे मगरांच्या दातांत अडकलेले मांस टिपणारे पक्षी येईनासे झाले. ही राजवट आम्हाला पसंत नाही, असे त्यांनी कळवले. दात कुजू लागले, तेव्हा मगरांचा प्रमुख घनजबडा याने काठावर सभा भरवण्याचे जाहीर केले. सभेत कळपांना जागा मिळाल्या. दर चौथी जागा मात्र पाण्यातल्या मगरांकडेच राहिली. पाण्यातल्या एकाचे तरी मत पडल्याशिवाय कोणताही नियम बदलणार नव्हता.

सभा ताब्यात राहावी म्हणून काही निवृत्त मगरांना काठावर राहायला धाडले गेले. त्यांत काटेपाठ होता. वीस वर्षे त्याने पाण्याकडे जाणाऱ्या एका उताराची राखण केली होती. त्याला गवत खायला सांगितले, त्याने खाल्ले. अध्यक्ष हो म्हटले, झाला.

काठावरच्या उन्हाने त्याची पाठ तडकली. पाण्यासाठी तोही आता कळपांबरोबर रांगेत उभा राहू लागला. एकदा खुरी नावाची सांबरीण त्याला म्हणाली, "माझी बहीण याच उतारावर गेली. ओढणारे तुम्हीच होता."

"हो," काटेपाठ म्हणाला. "मीच होतो."

त्या दिवशी त्याला गवत गेले नाही.

पुढच्या बैठकीत त्याने स्वतःच ठराव मांडला: निदान एका उतारावर मगरांचा पहारा नसावा. दुपारी घनजबडा काठाशी आला.

"तुला बोलायला पाठवलं होतं, काटेपाठ. ऐकायला कुणी सांगितलं?"

"ठराव मागे घेणार नाही."

"तू आमचा आहेस, हे विसरू नकोस."

मतदान झाले. काठावरचे सगळे पाय वर गेले. काटेपाठने पाण्याकडे पाहिले. तिथे त्याच्या हाताखाली तयार झालेले कितीतरी जण होते. एकानेही तोंड वर काढले नाही. ठराव पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो सभेला निघाला, तेव्हा अध्यक्षाच्या उंचवट्याभोवती शेपट्यांचे कडे पडले होते. वर दुसराच एक मगर बसला होता. पाणी बंद केल्याचा हुकूम त्यानेच वाचून दाखवला.

तिसऱ्या दिवशी पाडसे उभ्याउभ्या कोसळू लागली. काटेपाठ उठला आणि उताराकडे चालू लागला. मागे पावलांचा आवाज येत होता. किती जण आहेत, हे वळून पाहण्याचे धैर्य त्याला झाले नाही.

"थांबू नका," खुरीचा आवाज आला.

तो पाण्याच्या कडेला पोहोचला. पाणी संथ होते. मग त्यावर दोन डोळे उमटले. त्यांच्या शेजारी आणखी दोन. बघता बघता पैलतीरापर्यंत डोळेच डोळे झाले, आणि त्यांतला एकही लवत नव्हता. वीस वर्षे या उतारावर काढूनही काठावरून हे कसे दिसते, ते त्याने कधी पाहिले नव्हते.

त्याचा पाय आपोआप मागे सरला आणि खुरीच्या खुराला टेकला. ती तिथेच उभी होती.