हात ठेवून सांगा, साहेब

तहसील कचेरीत प्रतिज्ञापत्रांच्या खिडकीवर मंदाकिनी सरवदे बसते. वरून हुकूम आला आणि तिच्या लॅपटॉपवर नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकली गेली. त्या दिवसापासून तो तव्यासारखा तापतो आणि कामाच्या मध्येच बंद पडतो. बाहेर रांग खोळंबते, माणसं शिव्या घालतात, आणि त्या खायच्या कुणी? मंदाकिनीने!

तिने तीनदा लेखी तक्रार केली. शेवटी ज्यांनी हा हुकूम काढला होता, ते जिल्ह्याचे संगणक अधिकारी नाडगौडा स्वतः आले. चालू लॅपटॉपला त्यांनी बोटही लावलं नाही. उभ्याउभ्या अहवाल लिहिला: "यंत्र गरम होत नाही. कर्मचाऱ्याला काम टाळायचं आहे."

बारा वर्षं इमानाने काम केलं, त्यावर हा शेरा! मंदाकिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आवाज मात्र तिने चढू दिला नाही.

"साहेब, या खिडकीवर कुणाचंही लेखी म्हणणं आम्ही शपथेशिवाय घेत नाही. रांगेतले हे आजोबासुद्धा शपथ घेणार आहेत. तुम्हीही घ्या. हात फक्त या लॅपटॉपवर ठेवा."

रांगेत हशा पिकला. आता माघार कशी घेणार? साहेबांनी ऐटीत हात ठेवला.

"म्हणा, मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतो की..."

"मी सत्यप्रतिज्ञेवर... आई गं!" साहेबांनी हात झटकन ओढला आणि तळव्यावर फुंकर घालायला लागले.

मंदाकिनीने अहवालाखाली एक ओळ लिहिली आणि कागद त्यांच्यापुढे सहीला सरकवला.

"शपथ अपूर्ण राहिली. कारण: हात भाजला."