केरबाने जागा धरली

मोरखडी गावात एक भोळा गडी राहायचा. त्याचं नाव केरबा. भोळी माणसं सगळ्याच गावांत असतात, पण ती आपला भोळेपणा घरी ठेवतात. केरबाला तो घेऊन देशोदेशी हिंडावं लागलं. त्याला कारण सगुणा.

सगुणा शेजारच्या वाडीतल्या बापू चौगुल्यांची लेक. केरबाने तिला जत्रेत पाहिली आणि घरी येऊन आत्तीला सांगितलं, "लगीन करीन तर हिच्याशीच." केरबाला आई-बाप नव्हते. आत्तीनेच त्याला वाढवला होता आणि आता घरात सून यावी म्हणून तिचा जीव टांगणीला लागला होता. ती त्याला घेऊन दुसऱ्याच दिवशी चौगुल्यांच्या दारात गेली.

बापू चौगुले तोलूनमापून बोलणारे. त्यांनी केरबाला विचारलं, "आजवर काय काय बघितलंयस?"

"म्हैस बघितलीया," केरबा म्हणाला.

"आणि?"

"तिचं रेडकू."

बापूंनी पानाचा डबा मिटला. "विहिरीतला बेडूक जावई मला नको. आपल्या मुलखातली तीन ठिकाणं बघ आणि एक मुलखाबाहेरचं. मग येऊन मला सांग काय बघितलंस ते. पटलं तर पोरगी दिली."

दाराआड सगुणा हसली. ते हसू केरबाने ऐकलं आणि घरी जाताना तो त्याच एका ओढ्यात दोनदा पडला.

पहिल्यांदा पन्हाळा ठरला. आत्तीने दशम्या बांधून दिल्या आणि बजावलं, "गाडीत दुसऱ्याच्या जागेवर बसायचं न्हाय. भांडणं व्हत्यात."

एसटी स्टँडात वळली आणि बाहेरच्यांनी खिडक्यांतून भराभर रुमाल फेकले. कुणी टॉवेल टाकला, कुणी टोपी, एकाने तर कांद्याची पिशवी. केरबा मात्र शहाण्यासारखा दारातून चढला. बघतो तर बाकाबाकावर रुमाल. तो उभा राहिला. गाडी निघाली. निम्म्या रुमालांचे धनी तंबाखू मळत खालीच राहिले होते.

"बसा की पाव्हणं," कंडक्टर म्हणाला. "जागा रिकामी हाय."

"रुमाल बसलाय," केरबा म्हणाला.

असा तो कोल्हापूरपर्यंत उभा, तिथून पन्हाळ्यापर्यंत उभा. गडावर पोचला तेव्हा पायांचे पार खांब झाले होते. तटाला टेकला आणि जो घोरायला लागला तो परतीच्या शेवटच्या गाडीलाच उठला.

"काय बघितलंस?" आत्तीने विचारलं.

"रुमाल."

आत्तीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आरं येड्या, रुमालाला मान द्यायचा नसतो, आपण टाकायचा असतो! रुमाल टाकला की जागा आपली. मग च्या पी, पान खा, सावकाश ये. कुणी माईचा लाल तिथं हात लावत न्हाय." आणि तिने आपलं जुनं हिरवं लुगडं फाडून त्याला डझनभर रुमाल करून दिले.

दुसऱ्यांदा केरबा महाबळेश्वरला गेला. तिथे सूर्य मावळताना बघायला माणसं लोटतात. केरबा सकाळी नऊलाच त्या कड्यावर हजर. कणसं भाजणारा एक जण तेवढा होता.

"संध्याकाळी इथं जागेसाठी रेटारेटी असती," तो म्हणाला.

केरबा मनातल्या मनात हसला. कठड्याजवळचा सगळ्यांत चांगला दगड त्याने निवडला. त्यावर हिरवा रुमाल टाकला, वर एक खडा ठेवला आणि निघाला. मग त्याने चहा घेतला. पान खाल्लं. गाजरं खाल्ली. घोड्यावर बसला, घोड्यावरून पडला, पुन्हा चहा घेतला. आत्तीने सावकाश ये म्हणून सांगितलंच होतं.

तो सावकाश परतला तेव्हा माणसं घरी निघाली होती. दगड होता, दगडावर रुमालही होता. कणीसवाला शेगडी विझवत होता.

"सूर्य कुठाय?" केरबाने विचारलं.

"गेला की."

"माझा रुमाल असताना?"

केरबाला मनापासून वाईट वाटलं. सूर्य असं वागेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने रुमाल झटकला, घडी केली आणि गावी आला.

आत्तीने कपाळाला हात लावला. "आरं, रुमाल जागा धरतो, वेळ न्हाय धरत! जे बघायचं असंल तिथं आधी जाऊन आपण बसायचं. आणि एकदा बसलं की कुणी कितीबी ढकललं तरी हलायचं न्हाय. समजलं?"

"समजलं," केरबा म्हणाला. त्याला नेहमीच समजायचं, हीच तर अडचण होती.

तिसऱ्यांदा तो मालवणला गेला. समुद्र बघायचा होता. ओहोटी होती, पाणी लांब गेलं होतं. केरबा अगदी पाण्याजवळ जाऊन वाळूत मांडी घालून बसला. थोड्या वेळाने एक लाट आली आणि त्याच्या चपला घेऊन गेली. दुसरी आली, तिने दशम्या नेल्या.

होडीवाला किनाऱ्यावरून ओरडला, "रे झिला, भरती येता! उठ थयसून!"

"ती आत्ता येतीया," केरबा म्हणाला. "मी सकाळपासून हाय."

पाणी कमरेला लागलं. केरबाने हात कमरेवर ठेवले. पाणी छातीला लागलं. केरबाने मान ताठ केली. लाटा त्याला ढकलायला लागल्या तेव्हा तर त्याला आत्तीचं फारच कौतुक वाटलं. ढकलाढकली होणार हे तिला घरबसल्या ठाऊक होतं! गळ्याशी पाणी आलं तेव्हा दोघा होडीवाल्यांनी त्याला काखांत धरून ओढला. मांडी घातलेला काढला आणि मांडी घातलेलाच होडीत ठेवला.

"काय बघितलंस?" आत्तीने विचारलं.

"पाणी. लई जवळनं."

आत्ती या खेपेला रडलीच. सून येणं राहिलं बाजूला, असंच चाललं तर भाचाही हातचा जाईल, असं तिला वाटलं. डोळे पुसून ती म्हणाली, "लेकरा, आपलं डोकं चालत नसंल तर आजूबाजूला बघावं. चार माणसं करतील तसं करावं. एवढं जरी केलंस तरी तरशील."

आता राहिलं मुलखाबाहेरचं ठिकाण. त्यासाठी आत्तीने दावणीची म्हैस विकली. केरबाने आजवर धड बघितलेली तेवढीच गोष्ट होती, तीही गेली. तालुक्याच्या एका यात्रा कंपनीबरोबर केरबा सिंगापूरला निघाला.

विमानात चार माणसं झोपली, केरबा झोपला. चार माणसं जेवली, केरबा जेवला. कंपनीचा मॅनेजर म्हणाला, "असा शहाणा प्रवासी मी बघितला नाही." तो यात्रेचा पहिला दिवस होता.

दुसऱ्या दिवशी बस नदीकाठी थांबली. मॅनेजर म्हणाला, "पाव तास फिरा. भोंगा वाजला की बसमध्ये या." माणसं पांगली. कुणी एकटं, कुणी दुकटं, काही तिघं. चार माणसं एकत्र कुठेच दिसेनात. केरबा घाबरला. एवढ्यात पाण्याकडेला त्याला ती माणसं दिसली. एक पोत्यावर बसलेला, एक तराजू धरून, एक हातगाडीला टेकून आणि एक हात वर करून. केरबाने बोटावर मोजलं. बरोबर चार. तो जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला. हातात खाता खाता राहिलेला लाडू होता, तसाच हात त्याने वर केला.

ती चार माणसं धातूची होती. पण आत्तीने माणसं कशाची असावीत हे सांगितलं नव्हतं.

लोक आले, केरबाबरोबर फोटो काढून गेले. एका पोराने त्याला गुदगुल्या केल्या. एक कबुतर आलं, डोक्यावर बसलं आणि सावकाश लाडू संपवून गेलं. भोंगा वाजला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला. केरबाने डोळ्याच्या कोपऱ्यातून चौघांकडे पाहिलं. चौघं हलले नाहीत. बस गेली. यात्रेकरूंनी बागा बघितल्या, पक्षी बघितले, उंच इमारती बघितल्या. संध्याकाळी एक डोकं कमी भरलं, तेव्हा मॅनेजर धापा टाकत नदीवर आला.

"अहो, भोंगा ऐकला नाही का?"

"ऐकला की. पण या चौघांतला एकबी हलला न्हाय."

मॅनेजरने चौघांकडे बघितलं. मग केरबाकडे बघितलं. कुणाशी बोलावं हे त्याला कळेना.

घरी आल्यावर आत्तीने केरबाला समोर बसवलं. "आता शेवटचं सांगते, कान देऊन ऐक. गाडीचा भोंगा वाजला की कोण काय करतंय ते बघायचं न्हाय. हातात असंल ते तिथंच ठेवायचं आन् गाडी गाठायची. लाडू काय, सोनं असलं तरी ठेवायचं. भोंगा म्हंजी भोंगा!"

"भोंगा म्हंजी भोंगा," केरबा म्हणाला.

मग दोघं चौगुल्यांकडे गेली. आत्तीने वाटेत देवाला नारळ बोलला.

"सांगा पाव्हणं," बापू म्हणाले. "काय काय बघितलंत?"

"पन्हाळ्याला रुमाल बघितला. महाबळेश्वरला दगड बघितला. मालवणात पाणी बघितलं. सिंगापुरात चार माणसं बघितली."

"कशी होती माणसं?"

"शांत."

मग बापूंनी खोदून खोदून विचारलं आणि केरबाने सगळं होतं तसं सांगितलं. सूर्य निघून गेला इथवर गोष्ट आली आणि आतून भांडं पडल्याचा आवाज झाला. कबुतराने लाडू खाल्ला तेव्हा आणखी दोन पडली. सगुणा पोट धरून हसत होती. आई गेल्यापासून पोरगी अशी हसली नव्हती. बापूंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"याआधी तिघं येऊन गेले," ते आत्तीला म्हणाले. "तिघांनीबी न बघितलेलं बघितलं म्हणून सांगितलं. खोटं न बोलणारा हा पहिलाच. दिली पोरगी."

लग्न झालं. लग्नात केरबाच्या हातून एकही चूक झाली नाही, कारण लग्नात नवरदेवाला कुणी काही करूच देत नाही. पाठवणीच्या वेळी बापूंनी त्याचा हात धरला. "एकुलती एक हाय. जपशील न्हवं?"

"मामा, हातातनं खाली ठेवायचो न्हाय," केरबा म्हणाला. आणि ते तो मनापासून म्हणाला.

आता जोडीने खंडोबाच्या दर्शनाला जायचं होतं. दर्शन करून जोडी परतली की घरी गोंधळ घालायचा, त्याला बापूही येणार होते. आत्तीने सांगितलं, "जेजुरीला नव्या नवरीला उचलून घेऊन पाच पायऱ्या चढायच्या. रीत हाय."

केरबाला हे फार आवडलं. जेजुरीला उतरल्या उतरल्या त्याने सगुणाला उचललं. गड भंडाऱ्याने पिवळा झाला होता. यळकोट यळकोट चालला होता. एक पायरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या.

"अवं, ठेवा आता," सगुणा लाजून म्हणाली. "माणसं बघायल्यात."

"मामास्नी शबूद दिलाय. खाली ठेवायचो न्हाय."

सहावी झाली, सातवी झाली. सगुणा हसायला लागली. असा नवरा पंचक्रोशीत कुणाला मिळाला नव्हता. नववी झाली. दहावीवर पाय ठेवला आणि खालून एसटीचा भोंगा वाजला.

केरबा जागच्या जागी थांबला. मामांचा शब्द मोठा होता. सगुणा तर सोन्यासारखी होती. पण सोनं असलं तरी ठेवायचं, असंच आत्तीने सांगितलं होतं. त्याने सगुणाला अलगद दहाव्या पायरीवर बसवलं, खिशात हात घालून एक काम उरकलं आणि वाऱ्यासारखा खाली पळाला.

"अवं! अवं, कुठं निघालासा?" सगुणा ओरडली. पण कोण काय करतंय ते बघायचं नव्हतं.

गाडी कुठली हे त्याने विचारलं नाही. भोळ्याचा देव वाली असतो. ती कोल्हापूरचीच निघाली. आयुष्यात पहिल्यांदा केरबाने गाडी वेळेवर गाठली होती, खिडकीजवळ जागाही मिळाली होती. तो बसला आणि कुणी कितीही ढकललं तरी हलला नाही.

दिवेलागणीला तो घरी पोचला. मांडवात गोंधळी संबळ तापवत होते. दारात आत्ती ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. शेजारी नवा फेटा बांधून बापू चौगुले. दोघांनी केरबाला बघितलं. मग त्याच्या मागे बघितलं. मग आणखी मागे, पार वेशीपर्यंत बघितलं.

"सगुणी कुठाय?" आत्तीने विचारलं.

"जेजुरीला. धाव्या पायरीवर."

"एकटी?"

"भोंगा वाजला की. हातात असंल ते तिथंच ठेवायचं, तूच म्हणालीस न्हवं?"

आत्तीच्या हातून ताट पडलं. बापू चौगुले उंबऱ्यातच मटकन बसले. "आरं, एवढ्या गर्दीत माझी पोर एकटी! कुणाचा भरवसा हाय का?"

केरबा हसला. त्याने सासऱ्याच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवला.

"मामा, च्या घ्या, पान खावा, सावकाश जाऊन आणू. कुणी माईचा लाल हात लावत न्हाय. तिच्या डोक्यावर रुमाल टाकून आलोय."